मलमाचा नियम

आ-च्युनने बापाचा डावा हात ओढून आपल्या मांडीवर घेतला, ट्यूबचं टोपण दातांनी काढलं आणि मनगटाच्या वर, जिथे शीर जरा फुगलेली होती तिथे पांढरं मलम पिळलं. चोळलं नाही. बोराएवढा गोळा तसाच ठेवून त्यावर पारदर्शक चिकटपट्टी लावली आणि अंगठ्याने तिच्या कडा दाबत गेली.

“हे काय आणखी?” लू काई-तुंगने विचारलं.

“बधिर करायचं मलम आहे, बाबा. तासभर ठेवायचं. मग सलाईनची सुई घालताना दुखत नाही.”

“मी कधी म्हटलं दुखतं म्हणून?”

“तुम्ही नाही म्हटलंत. हॉस्पिटलचा नवीन नियम आहे. आता सगळ्यांनाच लावतात.”

लू काई-तुंगने मुलीच्या तोंडाकडे पाहिलं. ती पट्टीवरून नजर हलवायला तयार नव्हती. एवढं मन लावून तिने शाळेतलं चित्रसुद्धा कधी काढलं नव्हतं.

“सगळ्यांना?”

“सगळ्यांना.”

“बरं,” तो म्हणाला, आणि भिंतीवरच्या घड्याळात पाहून ठेवलं. एक वाजून दहा मिनिटं झाली होती.

शंकेची पाल त्याच्या मनात आठ दिवसांपासून चुकचुकत होती. काओशुंगच्या कंपनीत नववर्षालाही जिला दोन दिवसांच्या वर रजा मिळत नव्हती, तिला आता अख्खा महिना मिळाला होता. ती त्याला द्राक्षं सोलून देत होती. सोलून! जन्मात कधी देवळाची पायरी न चढलेल्या या पोरीने वांग-येच्या देवळातला ताईत आणून त्याच्या उशीखाली सरकवला होता, आणि वर म्हणाली होती की शेजारणीने दिला. डॉक्टर रोज पलंगाच्या पायाशी उभे राहून सांगत, “जठरात व्रण आहे, काका, बरा होईल,” आणि मग तिला घेऊन बाहेर पॅसेजमध्ये पाव तास बोलत बसत. व्रणाबद्दल पाव तास काय बोलायचं असतं?

आणि तिला वाटत होतं, बापाच्या हे लक्षात येणार नाही. तुंगकांगच्या मासळी बाजारात एक्केचाळीस वर्षं त्याने ट्यूना पारखले होते. बोटीवरून उतरलेला मासा बाहेरून कितीही चकचकीत असला तरी काई-तुंग शेपटीजवळ पोकळ सळई खुपसायचा, आतल्या मांसाची बारीक वात बाहेर काढायचा, दोन बोटांत चोळायचा, हुंगायचा आणि एका शब्दात सांगायचा. बोटवाले चिडायचे, शिव्या द्यायचे, पण त्याचा शब्द कुणी खोडला नव्हता. बाहेरच्या चकाकीवर ज्याचा काडीचा विश्वास नाही, अशा माणसाला ही पोरगी सोललेली द्राक्षं भरवत होती.

तरी द्राक्षं, ताईत, रजा हे सगळं एक वेळ पोटात घालता आलं असतं. मुलगी एकटी आहे, घाबरली असेल. पण मलम? त्यांच्या घरात माया अशी चोपडायची पद्धत नव्हती. मागे एकदा धक्क्यावर घसरून त्याचा पाय मोडला, तेव्हा नर्सला शीर सापडेना. तीनदा टोचलं तिने. तो ओरडला, तर बायको, शिऊ-लुआन, पलंगाशेजारी बसून खदखदून हसली होती. “रोज माशांना भोसकतोस, आता कळलं का कसं लागतं ते?” आ-च्युनही आईबरोबर हसली होती. त्यांच्या घरातली माया ती अशी.

आणि मुख्य म्हणजे ते वाक्य. हॉस्पिटलचा नवीन नियम आहे, आता सगळ्यांनाच लावतात. ते वाक्य त्याच्या चांगलंच ओळखीचं होतं, कारण आठ वर्षांपूर्वी ते त्यानेच रचलं होतं.

शिऊ-लुआनच्या स्वादुपिंडात गाठ निघाली तेव्हा डॉक्टरांनी रिवाजाप्रमाणे आधी त्याला बाहेर बोलावून सांगितलं. तिला सांगायचं की नाही हे त्याने ठरवायचं होतं, आणि ठरवायला त्याला पॅसेजच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जाण्याएवढा वेळही लागला नव्हता. नाही सांगायचं. तिला सांगितलं, पोटात सूज आहे. शिरा बारीक होत गेल्या, सुया घालताना तिचे ओठ पांढरे पडायला लागले, तेव्हा त्याने मोठ्या सिस्टरचं डोकं खाऊन ते मलम मिळवलं. बायकोच्या हाताला तो स्वतः लावायचा. अचानक एवढे लाड कशाला, असं तिला वाटू नये म्हणून त्याने तो नियम बनवला. चार महिने त्याने तिला ताकास तूर लागू दिली नाही. ती गेली ती सूज उतरायची वाट बघतच गेली. आयुष्यात दोनच गोष्टींचा त्याला अभिमान होता. एक म्हणजे त्याची सळई, आणि दुसरी ही. बाजारात कुणाच्या घरी तसलं दुखणं निघालं की लोक त्याच्याकडे सल्ल्याला यायचे, आणि तो सांगायचा, “माझ्या बायकोला शेवटपर्यंत कळू दिलं नाही मी.”

सव्वादोनला त्साओ सिस्टर ट्रे घेऊन आली. पट्टी काढली, मलम पुसलं. खालची कातडी पांढरीफटक पडली होती आणि शीर आत दडली होती. “या मलमाने शिरा लपतात बघा,” ती पुटपुटली आणि बोटाने चाचपत राहिली.

“सिस्टर, हा नियम कधीपासून झाला?” काई-तुंगने अगदी सहज विचारल्यासारखं विचारलं.

“कुठला निय... हां, मलमाचा.” तिने आधी आ-च्युनकडे पाहिलं. “झाले असतील थोडे दिवस. हात सैल सोडा, काका.”

सुई आत गेली. त्याला फक्त एक दाब कळला. काही म्हणजे काही दुखलं नाही, आणि नेमकं तेच त्याला खटकलं.

संध्याकाळी आ-च्युन गरम पाणी आणायला गेल्याबरोबर त्याने मधला पडदा बाजूला सारला. पलीकडच्या पलंगावर फान होता, निवृत्त बस ड्रायव्हर, पित्ताच्या खड्यांनी पिवळा पडलेला. पिंगतुंगच्या घाटातलं एक वळण सांगायला तो अर्धा तास घ्यायचा.

“काय रे फान, तुलापण ते मलम लावतात का सुईच्या आधी?”

“मला?” फानने टीव्हीचा आवाज कमी केला, मग पुन्हा वाढवला. “हो, लावतात की. नियमच आहे ना तो.”

आणि गप्प बसला. एका वाक्यात गप्प! त्याच्या टेबलावर तांदळाच्या गोड केकचा लाल कागदात बांधलेला खोका होता, तुंगकांगच्या देवळासमोरच्या दुकानातला. आ-च्युन रोज सकाळी घरी जायची, आंघोळ करून माशाची पेज रांधायची आणि बाराच्या सुमारास परत यायची. तिची वाट त्या दुकानावरूनच होती. कुठेतरी पाणी मुरत होतं, आणि कुठे ते काई-तुंगला दिसत होतं. फक्त अजून सळई घालायची होती.

“आ-च्युन,” तो त्या रात्री जेवताना म्हणाला, “या आठवड्यात मोसमातला पहिला निळपंखी ट्यूना येईल. मला एक चक्कर मारून आण बाजारात. तासाभराचं काम.”

“पुढच्या महिन्यात जाऊ, बाबा. बरे झालात की.”

“पुढच्या महिन्यात मोसम संपत येतो.”

“मग पुढच्या वर्षी. मासे कुठे पळून चाललेत?” ती हसली आणि त्याच्या वाडग्यात आणखी पेज वाढली.

एवढंच तर त्याला कळायला हवं होतं. पुढचं वर्ष आहे की नाही. असेल तर तो मुकाट्याने इथे पडून राहायला तयार होता. पण महिना-दोन महिनेच उरले असतील, तर ते या खाटेवर द्राक्षं खात घालवायचे नव्हते त्याला. एकदा धक्क्यावर उभं राहायचं होतं. त्याचे दिवस होते, आणि ते कसे घालवायचे हे दुसरंच कुणी पॅसेजमध्ये ठरवत होतं. त्याला मनापासून राग आला.

गुरुवारी सकाळी नऊ वाजता त्साओ सिस्टर फानची सुई बदलायला आली. तिने पडदा ओढून घेतला. आ-च्युन घरी गेली होती. काई-तुंगने कान टवकारले. ट्रेचा आवाज झाला, स्पिरिटचा वास आला, आणि मग फानने जी बोंब ठोकली ती लिफ्टपर्यंत गेली असेल.

“आई गं! मेलो, सिस्टर, मेलो! हळू की जरा!”

“अजून घातलीच नाही मी, काका.”

“मग घातल्यावर काय होईल माझं!”

सुई आत गेल्याची दुसरी बोंब उठली, तेव्हा काई-तुंगने हात लांब करून पडदा सर्रकन बाजूला केला. फानचा हात उघडा होता. ना पट्टी, ना मलम, ना कातडीवर पांढरा डाग. रापलेली तपकिरी कातडी आणि तिच्यावर एका सुईचं रक्त.

“मलम कुठे गेलं रे, फान?”

फानने सिस्टरकडे पाहिलं. सिस्टरने सुईला चिकटपट्टी लावली, ट्रे उचलला आणि जाता जाता म्हणाली, “काका, तुमची सुई दुपारी बदलू. मुलगी आल्यावर.” ती थांबलीच नाही.

“आता बोल,” काई-तुंग म्हणाला. “एका केकवर विकला गेलास?”

“केकचं काय घेऊन बसलास!” फान चिडला. त्याचे डोळे अजून पाण्याने भरलेले होते. “तुझ्या पोरीने हात जोडले माझ्यासमोर. एवढी शिकलेली पोर, माझ्यासारख्या ड्रायव्हरसमोर हात जोडून उभी राहिली. मी काय नाही म्हणू?”

“कशासाठी जोडले?”

“ते तिने सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.”

झालं. याहून जास्त विचारायचं काही उरलं नव्हतं. काई-तुंग उशीवर मागे टेकला. इतके दिवस जे खरं निघावं म्हणून तो माग काढत होता, ते खरं निघाल्यावर त्याला नकोसं झालं.  मग दुपारी काय बोलायचं ते तो जुळवायला लागला. मला मूर्ख समजतेस? एक्केचाळीस वर्षं ज्याने माशाच्या पोटातलं ओळखलं त्याला स्वतःच्या पोटातलं कळणार नाही? किती दिवस दिलेत डॉक्टरने ते आत्ताच्या आत्ता सांग. वाक्यं चांगली धारदार होत होती. ती रडेल, रडू दे. थापा मारताना नाही रडली.

पलीकडे फानला चैन पडत नव्हतं. त्याने टीव्ही बंद केला.

“लू,” तो म्हणाला, “पोरीवर रागावू नकोस. कच्ची आहे अजून. मधे हा एक पडदा, तोही धड सरकत नाही. इथे काय लपतंय कुणापासून? मला टोचतात सकाळी, आणि सकाळी ती नसते इथे. म्हणून तिच्या डोक्यात आलंच नाही की तू पडल्या पडल्या बघणार. जो सकाळी इथे नसतो त्यालाच वाटतं लपलं म्हणून.”



शिऊ-लुआनच्या वेळी सकाळी काई-तुंगही नसायचा. पहाटे चारपासून लिलाव संपेपर्यंत तो बाजारात असायचा. गमबूट काढून, हात तीनदा साबणाने धुऊन, वास जात नाही म्हणून शिऊ-लुआनच्या शिव्या खाऊन तो पलंगाशी बसायचा तेव्हा दुपारचा एक वाजलेला असायचा. मोठ्या सिस्टरला त्याने सांगून ठेवलं होतं, हिची सुई दुपारी, मी आल्यावर. आणि बाकी सगळ्यांच्या सुया सकाळी.

तिच्या शेजारच्या पलंगावर माडोची एक बाई होती, पपनसांची बाग असलेली. जाडजूड, प्रेमळ, तोंडाची फाटकी. काई-तुंगने तिला वाळवलेल्या गाबोळीची, माशाच्या अंड्यांची, सर्वांत मोठी जोडी नेऊन दिली होती आणि सांगितलं होतं, हिने विचारलं तर तुम्हालाही मलम लावतात असं म्हणा. त्यानेही हात जोडले होते. बाई म्हणाली होती, काळजी करू नका. आणि तो निर्धास्त बाजारात गेला होता. त्या बाईच्या शिरा तर सुई लागताच फुटायच्या. दर तीन-चार दिवसांनी सकाळी तिला दोनदा, तीनदा टोचायचे, आणि ती मोठ्याने देवाला शिव्या घालायची. हे तिनेच त्याला हसत सांगितलं होतं. शिऊ-लुआन एका हाताच्या अंतरावर पडलेली असायची. दोन दिवसांत वॉर्डातल्या प्रत्येकाची सून, जावई आणि दुखणं जिला पाठ झालं होतं, ती शिऊ-लुआन.

चार महिने. तीस वेळा तरी त्याने ते मलम लावलं असेल. पहिल्या दिवशी त्याने नियमाचं सांगितलं तेव्हा तिने आधी ट्यूबकडे पाहिलं होतं, मग त्याच्याकडे. “अस्सं? चांगला नियम आहे,” ती म्हणाली होती. पुढे प्रत्येक वेळी तो ट्यूब काढायचा, आणि ती आपणहून हात पुढे करून तेच म्हणायची. चांगला नियम आहे. त्याला वाटायचं, किती भोळी आहे बिचारी.

मग एकामागून एक आठवत गेलं. त्याला तिने वॉशिंग मशीन शिकवलं होतं, पलंगावरून, कागदावर बटणं काढून. “घरी आले तरी थोडे दिवस जमायचं नाही मला,” म्हणाली होती. आ-च्युनच्या आजीच्या बांगड्या जून महिन्यात बँकेतून मागवून आ-च्युनच्या हातात घातल्या होत्या. “तिथे पडून काळ्या पडतील.” आणि दर वेळी, मलम लावून तास भरेपर्यंत, ती त्याला आज काय मासा आला, केवढा होता, तू काय बोललास, बोटवाला काय बोलला, असं विचारत राहायची. तो बोलत सुटायचा. तिला करमावं म्हणून आपण बोलतोय, असं समजत होता तो.

त्याला आधी रागच आला, बायकोचा. कळलं होतं तर बोलायचं ना! मग लाज वाटली. अख्ख्या बाजाराला सांगत फिरला होता तो, कळू दिलं नाही म्हणून. आणि मग लाजेच्याही खालून काहीतरी वर आलं. त्याने भिंतीकडे तोंड केलं आणि पांघरूण डोक्यावर घेतलं. ते मलम त्याला लावायला मिळावं म्हणून ती हात पुढे करत होती. हात जोडणं, गाबोळी, नियम, सगळं तिने चालवून घेतलं होतं, कारण त्याच्याजवळ तिच्यासाठी करण्यासारखं दुसरं काही उरलं नव्हतं. फान दोनदा खाकरला, पण हाक मारली नाही.

बारा वाजता आ-च्युन आली. पेजेचा डबा टेबलावर ठेवला, खिडकीचा पडदा सारखा केला, आलं कमी घातलंय म्हणाली. फान झोपेचं सोंग घेऊन पडला होता. काई-तुंगने पेज मुकाट्याने संपवली. सकाळी जुळवलेली वाक्यं सगळी जागच्या जागी होती. एकही तो विसरला नव्हता.

एक वाजला तसं तिने पर्समधून ट्यूब काढली. टोपण फिरवताना तिचा हात थरथरत होता, म्हणून तिने ते दातात धरलं. त्या दिवशीही दातातच धरलं होतं. तेव्हा त्याला वाटलं होतं, किती धसमुसळी आहे ही. शिऊ-लुआनच्या वेळी ती एकोणीस वर्षांची होती, पलंगाच्या पायाशी सोबतीच्या बाकावर पुस्तक उघडून बसायची. पान उलटायची नाही. तिथेच बसून तिने सगळं ऐकलं होतं, आईचं आणि बापाचं.

“बाबा, हात द्या. तो नवीन नियम...”

त्याने हात आधीच पुढे केला होता.

“माहीत आहे,” काई-तुंग म्हणाला. “चांगला नियम आहे.”

तिने मलम पिळलं, पट्टी ठेवली, कडेवर अंगठा टेकला, आणि अंगठा तिथेच थांबला. खाली मान घालून ती किती तरी वेळ त्या पट्टीकडे बघत राहिली. मग इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिने सरळ त्याच्या डोळ्यांत पाहिलं. तिचे डोळे अगदी आईचे होते. त्यानेही नजर काढून घेतली नाही.

“नीट दाब,” तो म्हणाला. “एक कड सुटली आहे.”

तिने कड दाबली. चारही कडा पुन्हा एकदा दाबल्या, आणि मग हात सोडलाच नाही.

“आ-च्युन, शनिवारी पहिला निळपंखी येतोय म्हणतात. नेतेस मला? चाकाच्या खुर्चीतून नेलंस तरी चालेल.”

पलीकडे फानचं घोरणं बंद पडलं होतं.

“नेते,” ती म्हणाली. “शनिवारीच नेते, बाबा.”

पुढच्या महिन्याचं नाव तिने काढलं नाही. काई-तुंगने मान हलवली आणि घड्याळाकडे पाहिलं. एक वाजून पाच मिनिटं झाली होती, मलमाचा तास भरायला अजून बराच वेळ होता.

“बस अशी,” तो म्हणाला. “ट्यूना आतून कसा ओळखायचा, तुला कधी सांगितलंच नाही मी.”